जुना गेमिंग कन्सोल कंपनी बंद का करते, आणि तशी लक्षणे दिसू लागल्यावर मालकाने काय करावे

कन्सोल व्यवस्थित चालत असताना, त्याला गिऱ्हाईकही असताना, कंपनी त्याचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर करते, तेव्हा बहुतेकांना वाटते की नवा महागडा कन्सोल गळ्यात मारण्यासाठीच हा खटाटोप चालला आहे. या समजुतीत तथ्य नाही असे नाही, पण तेवढ्यावर थांबले तर मालकाच्या हाती काहीच लागत नाही. उत्पादन कोणत्या कारणाने थांबले हे नीट समजून घेतले, तर त्या कन्सोलचे ऑनलाइन दुकान साधारण किती काळ चालेल, दुरुस्ती कधीपर्यंत मिळेल आणि तयारीला आपल्याकडे किती अवधी आहे, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. म्हणून येथे आधी कारणे पाहू आणि मग त्यांच्या आधारे करायची कामे.

चिपचा हिशेब

नवा कन्सोल विकून कंपनीला पहिल्या दिवसापासून नफा होतो, असे समजण्याचे कारण नाही. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ ची ६० जीबीची आवृत्ती अमेरिकेत ५९९ डॉलरला आली, तेव्हा ती किंमत अनेकांना अवाच्या सवा वाटली. प्रत्यक्षात सोनीला ते यंत्र बनवायला त्याहून जास्त खर्च येत होता. असा तोटा दोन मार्गांनी भरून काढला जातो. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे कंपनीला वाटा मिळतो हा एक, आणि तेच यंत्र बनवण्याचा खर्च वर्षागणिक खाली येतो हा दुसरा. कन्सोलचे आयुष्य ठरते ते मुख्यतः या दुसऱ्या मार्गावर.

खर्च खाली येण्याचे मोठे कारण म्हणजे चिपचा आकार. प्लेस्टेशन ३ मधील ‘सेल’ प्रोसेसर सुरुवातीला ९० नॅनोमीटर तंत्राने बनत असे, पुढे ६५ आणि मग ४५ नॅनोमीटरने बनू लागला. चिप लहान झाली की सिलिकॉनच्या एकाच चकतीतून अधिक चिप निघतात, वीज कमी लागते, उष्णता कमी होते, त्यामुळे पंखा आणि वीजपुरवठ्याचा भाग लहान व स्वस्त करता येतो, आणि अखेरीस खोकेही लहान होते. बाजारात ‘स्लिम’ आवृत्ती दिसते तेव्हा आतमध्ये बहुधा हेच घडलेले असते. प्लेस्टेशन २ मध्ये तर सोनीने मुख्य प्रोसेसर आणि चित्रे रेखाटणारी चिप या दोन्ही एकाच चिपमध्ये आणल्या. २००० मध्ये जपानमध्ये आलेला हा कन्सोल जानेवारी २०१३ पर्यंत, म्हणजे त्याचा वारसदार बाजारात येऊन सहा वर्षे उलटल्यावरही, बनत राहिला आणि त्याची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली, त्यामागे ही काटकसर फार मोठी होती.

पहिल्या एक्सबॉक्सची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, आणि ती जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे. २००१ मध्ये आलेल्या या यंत्रात प्रोसेसर इंटेलचा आणि ग्राफिक्स चिप एनव्हिडियाची होती. मायक्रोसॉफ्ट या चिप तयार मालासारख्या विकत घेत होती. त्यांच्या रचनेची मालकी तिच्याकडे नव्हती. त्यामुळे चिप लहान करून किंवा दुसऱ्या कारखान्यात बनवून घेऊन खर्च उतरवण्याचा रस्ताच बंद होता. चिपच्या दरावरून एनव्हिडियाशी वाद झाला, प्रकरण लवादापर्यंत गेले आणि २००३ मध्ये समेट झाला. त्यात भर म्हणजे यंत्रात हार्ड डिस्क होती, आणि हार्ड डिस्कची किंमत एका मर्यादेखाली उतरत नाही, कारण साठवणक्षमता कितीही कमी ठेवली तरी मोटर, चकती आणि माहिती वाचणारे शीर्ष (हेड) लागतातच. परिणामी नोव्हेंबर २००५ मध्ये, चारच वर्षांत, एक्सबॉक्स ३६० आला आणि पहिल्याचे उत्पादन गुंडाळले गेले. या खेपेला मायक्रोसॉफ्टने चिपच्या रचनेचे हक्क स्वतःकडे ठेवले, २०१० च्या आवृत्तीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये आणले, आणि तो कन्सोल २०१६ पर्यंत चालला. माझ्या मते कन्सोल किती वर्षे टिकेल हे जाहिरातीपेक्षा या करारांवरून अधिक कळते.

मग प्रश्न उरतो की यंत्र स्वस्तात बनू लागले, तोटा संपला, तरीही ते थांबवायचे कशाला? याचे उत्तर कारखान्यात सापडते. जुन्या तंत्राने चिप बनवणाऱ्या यंत्रणेला इतर मोठी गिऱ्हाइके उरली नाहीत, की ती चालू ठेवणे परवडत नाही. काही सुटे भाग तर मुळातच मोजक्या ठिकाणी बनतात: प्लेस्टेशन २ मधील आरडीरॅम आणि प्लेस्टेशन ३ मधील एक्सडीआर ही मेमरी सर्वसाधारण संगणकांत टिकली नाही किंवा आलीच नाही, त्यामुळे ती बनवणारेही मोजकेच राहिले. पुरवठादार एखादा भाग बंद करण्यापूर्वी शेवटची मागणी नोंदवायला सांगतो, आणि कंपनीला एकदाच ठरवावे लागते की आणखी किती यंत्रे विकली जातील. हजारोंनी विकल्या जाणाऱ्या यंत्रासाठी नवा बोर्ड आखून, त्याची चाचणी व प्रमाणपत्रे नव्याने मिळवणे लाखोंच्या विक्रीइतकेच खर्चिक असते, म्हणून ते काम कोणी हाती घेत नाही.

सारेच कन्सोल असे वय होऊन थांबत नाहीत. सेगाचा ड्रीमकास्ट नोव्हेंबर १९९८ मध्ये आला. आर्थिक तोट्यात सापडलेल्या कंपनीने जानेवारी २००१ च्या अखेरीस तो बंद करत असल्याचे सांगितले आणि त्याबरोबर कन्सोल बनवण्याचा धंदाच सोडला. निन्टेन्डोचा वी यू चार वर्षांत सुमारे १ कोटी ३६ लाखच विकला गेला. जानेवारी २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि मार्चमध्ये स्विच आला. अशा अपयशी यंत्राचा मालक थोडा अधिक अडचणीत असतो, कारण यंत्रे कमी म्हणजे सुटे भागही कमी. कधी नवे यंत्रच जुन्याचा काळ ठरवते. २०२० मध्ये नव्या पिढीचे कन्सोल येताना मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनचे उत्पादन त्याच वर्षाच्या अखेरीस संपवले. उलट सोनीने चिपच्या टंचाईत प्लेस्टेशन ५ पुरेसे बनत नसताना प्लेस्टेशन ४ बनवणे चालू ठेवले. एकाच संकटातून दोन कंपन्यांनी काढलेले हे दोन विरुद्ध निष्कर्ष आहेत, आणि दोन्हींना आपापला हिशेब होता.

काय कधी बंद होते

उत्पादन थांबणे ही मालकाच्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्वाची घटना आहे, कारण त्याच्याकडचे यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. नवे गेमही लगेच थांबतात असे नाही. प्लेस्टेशन ३ चे जपानमधील उत्पादन २०१७ मध्ये थांबल्यावरही २०१८ मध्ये फिफा १९ त्यावर आला. निन्टेन्डो वीसाठी तर उत्पादन थांबून सहा वर्षे झाल्यावर, २०१९ च्या अखेरीस, नृत्याचा एक गेम प्रसिद्ध झाला.

खरा फटका बसतो तो ऑनलाइन दुकान बंद होते तेव्हा. वीचे उत्पादन २०१३ मध्ये थांबले आणि दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. वी यूच्या बाबतीत २०१७ आणि मार्च २०२३, एक्सबॉक्स ३६० च्या बाबतीत २०१६ आणि जुलै २०२४. यावरून पाच ते आठ वर्षांचे गणित मांडण्याचा मोह होतो, पण निन्टेन्डो थ्रीडीएसने ते खोटे पाडले: त्याचे उत्पादन सप्टेंबर २०२० मध्ये थांबले आणि दुकान अडीच वर्षांतच, वी यूच्या दुकानाबरोबर एकाच दिवशी, २७ मार्च २०२३ रोजी बंद झाले. ज्या दोन यंत्रांची सेवा एकत्र बांधलेली असते, त्यांपैकी लोकप्रिय यंत्रही आपल्या अपयशी भावंडाबरोबर जाऊ शकते. तेव्हा सरासरीवर विसंबण्यापेक्षा आपल्या कन्सोलचे दुकान आणि खाते आणखी कोणत्या यंत्राशी जोडलेले आहे, हे पाहावे.

सेवा बंद करण्यामागे केवळ सर्व्हरचे भाडे नसते. जुन्या यंत्राशी सुसंगत राहण्यासाठी नव्या सेवेतही जुन्या मर्यादा पाळाव्या लागतात. १५ एप्रिल २०१० रोजी पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा थांबवताना मायक्रोसॉफ्टने हेच कारण दिले होते की सेवेत करायचे बदल जुन्या गेमशी जुळणारे नाहीत. (त्या दिवशी आधीपासून जोडलेले असलेल्या काही खेळाडूंनी आपला कन्सोल बंदच केला नाही आणि हेलो २ खेळत जवळजवळ महिनाभर तग धरला. एकेक यंत्र गळत गेले आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा खेळाडूही बाहेर पडला.) याशिवाय जुन्या यंत्रातील सुरक्षेची तंत्रेही कालबाह्य होतात, आणि ती दुरुस्त करू शकणारे अभियंते कंपनीत केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेले असतात.

दुरुस्ती बहुधा शेवटी थांबते आणि तिचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते, सुटे भाग संपणे. निन्टेन्डोने १९८३ चा फॅमिकॉन हा कन्सोल २००३ पर्यंत बनवला आणि जपानमध्ये २००७ पर्यंत दुरुस्त करून दिला. वीची तेथील दुरुस्ती मार्च २०२० मध्ये थांबली.

लक्षणे ओळखून करायची कामे

एखादी आवृत्ती कंपनीच्या संकेतस्थळावरून गुपचूप नाहीशी होणे, दरवर्षी येणाऱ्या क्रीडाविषयक गेमने त्या कन्सोलला वगळणे, आणि तिमाही अहवालात त्याच्या विक्रीचा आकडा स्वतंत्रपणे दिला न जाणे, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की कामाला लागावे. अधिकृत घोषणेची वाट पाहू नये. एक्सबॉक्स ३६० च्या दुकानाबाबत सुमारे अकरा महिने आधी सूचना मिळाली, पण प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा (सोनीचे हातात धरून खेळायचे यंत्र) यांची दुकाने बंद करण्याची घोषणा सोनीने २०२१ मध्ये केली तेव्हा हातात तीन ते पाच महिनेच होते. खेळाडूंच्या नाराजीमुळे तो निर्णय महिन्याभरात फिरवला गेला, हा अपवाद समजावा.

पहिले काम खात्याचे. ज्या ईमेल पत्त्यावर खाते उघडले तो अजून चालू आहे का, पासवर्ड बदलता येतो का, हे आधी तपासावे. प्लेस्टेशन ३ आणि व्हिटावर नवी दोन टप्प्यांची पडताळणी थेट चालत नाही. त्यासाठी संकेतस्थळावरून यंत्राकरिता वेगळा पासवर्ड तयार करून तो यंत्रात भरावा लागतो. अनेकांना आपला पासवर्डच चुकत असल्याचा भास होतो तो यामुळे.

दुकानातून काही विकत घ्यायचे राहिले असेल, तर दुकान बंद होण्याच्या तारखेपेक्षा पैसे भरण्याची सोय बंद होण्याची तारीख पाहावी. थ्रीडीएस आणि वी यूची खरेदी मार्च २०२३ पर्यंत चालू होती, पण क्रेडिट कार्डाने पैसे भरणे मे २०२२ मध्ये आणि दुकानाच्या कार्डांनी भरणे ऑगस्ट २०२२ मध्येच थांबले होते. ज्यांनी फक्त शेवटची तारीख लक्षात ठेवली, त्यांच्यासमोर उघडे दुकान आणि रिकामे खाते अशी स्थिती आली.

त्यानंतर डाउनलोड. विकत घेतलेले गेम, त्यांना जोडून घेतलेले जादा भाग आणि डिस्कवरील गेमच्या सुधारित आवृत्त्या, हे सर्व यंत्रावर उतरवून ठेवावे. डिस्क जवळ आहे म्हणजे गेम सुरक्षित आहे, असे समजणारे सुधारणांचा हा भाग हमखास विसरतात. कित्येक गेम डिस्कवर अपुऱ्या किंवा सदोष अवस्थेत असतात आणि नंतरच्या सुधारणांनीच नीट चालतात. जागा कमी पडत असल्यास प्लेस्टेशन ३ मध्ये साधी अडीच इंची, साटा जोडणीची हार्ड डिस्क मालकाला स्वतः बसवता येते. वी यूला बाहेरून जोडलेली डिस्क मात्र त्याच एका यंत्राशी बांधली जाते, ती दुसऱ्या वी यूला लावून चालत नाही.

सेव्ह केलेल्या खेळाची प्रत काढताना थोडे चिकाटीने वागावे लागते. प्लेस्टेशन ३ बाहेरची डिस्क फक्त फॅट३२ स्वरूपात ओळखतो, त्यामुळे संगणकावर वापरलेली एनटीएफएस डिस्क जोडली तर काहीच दिसत नाही आणि डिस्क बिघडल्याचा समज होतो. शिवाय काही सेव्ह फायलींना प्रतबंदी असते. त्या पूर्ण बॅकअपमधून परत आणता येतात, पण त्याच यंत्रावर. मूळ यंत्र पूर्णपणे निकामी झाले तर त्या फायलींचा उपयोग नाही. म्हणून यंत्र चालू असतानाच, जिथे एका यंत्रातून दुसऱ्यात थेट हस्तांतर करण्याची सोय आहे तिथे ती वापरावी. थ्रीडीएसच्या हस्तांतराला दोन्ही यंत्रे चालू अवस्थेत लागतात आणि इंटरनेटही लागते.

आता यंत्राच्या आतले भाग. पहिल्या एक्सबॉक्सच्या बोर्डावर घड्याळ चालू ठेवण्यासाठी एक कपॅसिटर असतो. वयोमानाने तो फुगतो, त्यातून द्रव गळतो आणि शेजारच्या तांब्याच्या रेषा खातो. शेवटची आवृत्ती वगळता जवळजवळ सर्व आवृत्त्यांत हा दोष आढळतो. तो भाग काढून टाकला तरी यंत्र चालते, फक्त वीज गेल्यावर वेळ पुन्हा लावावी लागते. तेव्हा काढून, ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेणे हा साधा उपाय आहे. गळती झाल्यानंतर मात्र बोर्ड वाचवणे कारागिराचे काम होते.

जुन्या कार्ट्रिजमध्ये वेगळीच कथा असते. खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवणारी मेमरी एका नाण्याएवढ्या सेलवर जगते. तो सेल खाचेत बसवलेला नसून धातूच्या पट्ट्यांनी बोर्डाला डाख दिलेला असतो. उघडायला विशेष आकाराचा स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि नवा सेल घेताना पट्ट्या आधीच जोडलेला घ्यावा, कारण सुट्या सेलला थेट डाख देताना तो तापून फुटू शकतो. जुना सेल काढताच त्यातील सेव्ह पुसले जाते, हे आधी मनाशी पक्के करावे. सेल बदलल्यावर एकदा खेळ सेव्ह करून, यंत्र बंद करून, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिल्याशिवाय कार्ट्रिज बंद करू नये.

प्लेस्टेशन ४ मध्येही असा एक सेल आहे. तो संपला आणि यंत्राला सोनीच्या सर्व्हरशी संपर्क साधता आला नाही, तर गेम चालत नसत. सप्टेंबर २०२१ मधील ९.०० या सिस्टिम आवृत्तीने ही अडचण दूर केली. ज्यांनी त्याआधीपासून कन्सोल कपाटात ठेवून दिला आहे, त्यांनी तो सर्व्हर चालू असेतोवर एकदा इंटरनेटला जोडून अद्ययावत करून घ्यावा. हातात धरून खेळायच्या यंत्रांच्या लिथियम बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या किंवा पूर्ण भरलेल्या ठेवू नयेत, निम्म्याच्या आसपास ठेवून काही महिन्यांनी पाहाव्यात. फुगलेली बॅटरी दिसली तर ती वापरू नये आणि टोचूही नये.

सुट्या भागांपैकी कंट्रोलर आणि मूळ वीज अडॅप्टर उत्पादन थांबताच घेऊन ठेवावेत. डिस्क वाचणाऱ्या भागाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे: एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ मध्ये ड्राइव्हचा बोर्ड मुख्य बोर्डाशी सांकेतिक किल्लीने बांधलेला असतो. दुसऱ्या यंत्राचा ड्राइव्ह जसाच्या तसा बसवला तर गेम चालत नाहीत. अशा वेळी लेझर किंवा यांत्रिक भाग बदलावा आणि मूळ बोर्ड तोच ठेवावा. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने म्हणूनच विक्रेत्यासमोर डिस्क घालून गेम सुरू करून पाहावा. मुख्य पडदा दिसला म्हणजे यंत्र ठीक आहे, हे पुरेसे नाही. कंपनीने बंदी घातलेले यंत्र ऑनलाइन जोडता येत नाही, तेव्हा तीही खात्री करून घ्यावी.

यंत्र दुसऱ्याला द्यायचे किंवा मोडीत काढायचे ठरले, तर आधी त्यावरून आपले खाते निष्क्रिय करावे आणि मगच साठवण पुसावी. यंत्र आधीच बंद पडले असेल, तर सोनीच्या खात्यात संकेतस्थळावरून सगळी यंत्रे एकदम निष्क्रिय करण्याची सोय आहे. ती सहा महिन्यांतून एकदाच वापरता येते, म्हणून घरात आणखी कोणते यंत्र त्या खात्यावर चालू आहे ते बघून मगच बटण दाबावे.